भिंगारदिवे काकांची क्रेन

रविवारी सकाळी साडेअकरा वाजता तीस वर्षांची, एम.एस्सी. झालेली, बऱ्या घरची बाई शेजाऱ्यांच्या हॉलमध्ये फरशीवर मांडी घालून, एक हात वर करून हवेत बोट फिरवताना दिसली, तर तुम्ही काय समजाल? आमच्या कॉलनीनं काय समजायचं ते कधीच समजून घेतलं आहे. ती बाई मी. आणि बोट फिरवत होते ते भिंगारदिवे काकांना त्यांच्या नातीच्या बाप्तिस्म्याचा फोटो उघडता यावा म्हणून.

फोटो कॉम्प्युटरवर होता. कॉम्प्युटर टीपॉयवर, म्हणजे गुडघ्याएवढ्या उंचीवर. आणि काका त्याच्यापुढे एका उंच स्टुलावर, पाय स्टुलाच्या दांडीवर टेकवून, हातात गेमचा कंट्रोलर धरून बसले होते. पोरं ज्यानं टीव्हीवर गाड्या पळवतात आणि एकमेकांना गोळ्या घालतात तोच तो, दोन दांड्यांचा आणि डझनभर बटणांचा काळा कंट्रोलर. काका त्यानं कॉम्प्युटर चालवतात. माउसला हात लावत नाहीत. आणि खाली बसून कुणीतरी हातानं खूण केल्याशिवाय पडद्यावरचा बाण सूतभरही हलवत नाहीत.

"बोट नीट फिरव," काका वरून म्हणाले. "तू तर कालवनात मीठ टाकल्यागत करतीस. त्याला 'उचल' म्हनत न्हाईत."

"काका, तुम्हाला फोटो समोर दिसतोय ना? मग मी कशाला मध्ये?"

"मला दिसतोय म्हनूनच तर धोका हाय. वरच्याला कायम वाटतं, आपल्याला समदं दिसतंय."

मी बोट नीट फिरवलं. फोटो उघडला. बाळ रडत होतं. माझीही तीच अवस्था होती.

शमुवेल भिंगारदिवे हे आमचे केडगावातले शेजारी. त्यांच्या आणि आमच्या घरात एकच भिंत आहे. सुप्याच्या एका कारखान्यात त्यांनी सव्वीस वर्षं क्रेन चालवली. रस्त्यावर दिसते ती क्रेन नव्हे. शेडच्या छताखाली रुळांवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारी, आणि तिच्या पोटाला चिकटलेली एक काचेची केबिन. काका सकाळी शिडीनं त्या केबिनमध्ये चढायचे ते जेवायच्या सुट्टीलाच उतरायचे. खाली पत्र्याच्या प्रचंड गुंडाळ्या असत, त्यांना कॉइल म्हणतात. एकेक दहा टनांची. ती हुकाला लावून उचलायची, न्यायची आणि लॉरीत ठेवायची, हे काकांचं काम.

या कामाचे नियम मला माझ्या नोकरीच्या नियमांपेक्षा जास्त पाठ आहेत. आधी उचल, मग चाल, मग उतर. तिन्ही गोष्टी कधीही एकदम करायच्या नाहीत. लोड माणसाच्या डोक्यावरून न्यायचा नाही. आणि मुख्य म्हणजे, खलाशानं खूण केल्याशिवाय लोडला हात लावायचा नाही. खलाशी म्हणजे खाली उभा राहून कॉइलला साखळ्या बांधणारा आणि वरच्याला हातानं खुणा करणारा माणूस. शेडमध्ये आवाज इतका की बोलणं ऐकू जाणं शक्यच नाही. सगळा कारभार हातांवर.

काका हे सगळं सगळ्यांना सांगतात. दूधवाल्याला सांगतात, चर्चमध्ये उपासना संपल्यावर पाळकसाहेबांना दारात अडवून सांगतात, चुकीचा नंबर लागलेल्या माणसालाही फोनवर सांगतात. एकदा त्यांनी वीजमीटरचं रीडिंग घ्यायला आलेल्या माणसाला 'उतर'ची खूण इतक्या वेळा करायला लावली की तो रीडिंग न घेताच गेला. कुणी कंटाळून घड्याळाकडे बघितलं तर म्हणतात, "सव्वीस वर्षं वर एकटाच बसलेलो हाय. आता बोलू द्या की जरा." जरा म्हणजे दीड तास.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या मुलीनं, एस्तेरनं, पुण्याहून आपला जुना कॉम्प्युटर पाठवला. आईवडलांना नातीचे फोटो मोठे बघता यावेत एवढाच हेतू. मी नगरच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते, तेव्हा "वैशाली शिकवेल तुम्हाला" असं तिनं परस्पर ठरवून टाकलं. एस्तेर माझी लहानपणापासूनची मैत्रीण आहे, नाहीतर मी तिला या एका वाक्याबद्दल कधीच माफ केलं नसतं.

आठवडाभर मी काकांना माउस शिकवला. बाण वर न्यायचा असला की ते माउस टेबलावरून चक्क उचलायचे. पाच बोटांनी वरून धरून, अलगद, दोन वीत उंच.

"काका, उचलायचा नाही. पुढं सरकवायचा."

"वर न्यायचाय ना?"

"हो."

"मग उचलायला नको?"

सातव्या दिवशी, मी पाणी प्यायला आत गेले असताना, त्यांनी खोक्याच्या तळाशी राहिलेला कंट्रोलर शोधून काढला. तो त्यांच्या जावयाचा. सामान भरताना चुकून आला होता. मी बाहेर आले तर काकांचे दोन्ही अंगठे दोन दांड्यांवर होते, डोळे मिटलेले होते आणि चेहरा प्रार्थनेत असल्यासारखा शांत होता. "वैशाली," ते म्हणाले, "हे तर आपल्या क्रेनचं लिवर हाय गं." तो कंट्रोलर मी त्याच वेळी हिसकावून घेऊन पुण्याच्या गाडीत टाकायला हवा होता. जावई अजून महिन्यातून एकदा फोनवर चाचरत विचारतो, "पप्पा, तेवढा माझा कंट्रोलर..." काका म्हणतात, "जावईबापू, तुमी आमचा माउस न्या. नवाकोरा हाय."

मी वायर जोडली. दांडी हलवली की बाण हलेल असा एक छोटा प्रोग्राम टाकला. दहा मिनिटांचं काम. त्या दहा मिनिटांपायी माझे पुढचे कित्येक रविवार गेले.

पहिली तक्रार अशी की बाण तिरका चालतो. "लोड तिरका चालत न्हाई, वैशाली. दोन मोटारी एकदम चालवायच्या न्हाईत." मग मी डाव्या दांडीनं बाण फक्त आडवा आणि उजव्या दांडीनं फक्त उभा जाईल असं केलं. दुसरी तक्रार, बाण पळतो. तो इतका मंद केला की पडद्याच्या या कडेपासून त्या कडेला जाईपर्यंत माझा चहा होतो. मग म्हणाले, मुठीतलं एक बटण दाबून धरल्याशिवाय काहीच हलता कामा नये.

"ते का?"

"वर बसलेल्या मानसाला चक्कर आली तर? हात सुटला की क्रेन जाग्याव थांबली पायजे."

"काका, तुम्हाला चक्कर आली तर बाण कुणाच्या अंगावर पडणार आहे?"

"आज बाण हाय. उद्या काय असंल, सांगता येतं व्हय?"

आणि मग हॉर्न. लोड हलवायच्या आधी हॉर्न द्यायचा असतो. मी नाही म्हणाले. मी ठाम नाही म्हणाले. तीन दिवस गेलेच नाही त्यांच्याकडे. चौथ्या दिवशी काका आमच्या फाटकात येऊन उभे राहिले आणि काहीच बोलेनात. काका बोलत नाहीत हे दृश्य मला सहन झालं नाही. मी हॉर्न दिला. तेव्हापासून त्यांनी एखादं फोल्डर उघडायला घेतलं की अख्ख्या गल्लीला कळतं. समोरच्या बाई कचरागाडी आली समजून दोनदा बादली घेऊन धावत बाहेर आल्या. तिसऱ्यांदा मला बघून म्हणाल्या, "तुम्ही शिकलेल्या ना हो? तुम्ही तरी?"

मार्थाकाकूंना यातल्या कशाचंच नवल वाटत नाही. त्या स्वयंपाकघरातून म्हणतात, "आगं, लग्नाच्या दिवशी चर्चमदून भाईर निगताना मला म्हनले, आधी मी थांबतो, तू खूण कर, मग निघू. तवाच वळखलं मी." काकूंचा आवाज यावेळी तक्रारीचा नसतो. पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत हे जसं आपण सांगतो, तसं त्या सांगतात.

इथपर्यंत हा सगळा एका माणसाचा विक्षिप्तपणा होता आणि मी तो दात-ओठ खाऊन चालवून घेत होते. मग दिवाळीनंतर रंगनाथ आजारी पडले.

रंगनाथ घोडके म्हणजे काकांचे खलाशी. सव्वीस वर्षं काका वर आणि रंगनाथ खाली. मूळ मिरजगावचे, निवृत्त झाल्यावर तिथंच जाऊन राहिलेले. अर्धांगवायूचा झटका आला, त्यात वाचा गेली आणि उजवा हात लुळा पडला. काका एसटीनं भेटायला गेले, संध्याकाळी परत आले आणि घरात न जाता आमच्या पायरीवर येऊन बसले.

"दोन तास बोललो त्याच्याशी," काका म्हणाले. "माज्याकडं बघितलं बी न्हाई. भिताडाकडं तोंड."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"व्यायाम शिकवायला एक पोरगी येती कर्जतवरनं. चांगली हाय. ती म्हनती, हातात जीव हाय, पन ह्यांनी मनावर घ्याय पायजे. हे चार-सहा महिनं हात वापरला तर वापरला, न्हाईतर मग तसाच ऱ्हानार. त्याला रबरी चेंडू दिलाय दाबायला. रंगनाथला! दहा टनाची कॉइल बोटाव खेळवनाऱ्या मानसाला चेंडू. तो टाकून देतो खाली. मी बी टाकला असता."

मी म्हणाले, होईल सगळं ठीक, वेळ लागतो. आपण म्हणतो तसं.

"त्याच्या म्होरं लोड टांगला पायजे," काका म्हणाले.

"काय?"

"टांगलेला लोड बघून रंगनाथ गप बसूच शकत न्हाई. ताप असला तरी उठायचा. एकदा जेवता जेवता खरकट्या हातानं खुना केल्यात त्यानं. तू एक काम कर. क्रेनचा खेळ असंल ना कुठंतरी? पोरांचे समदे खेळ असत्यात, क्रेनचा बी असंल."

आता खरं सांगायचं तर मला राग आला. आजारी माणसाचं घर, तिथं हा खेळणी घेऊन जाणार. मी त्यांना स्पष्ट म्हटलं, "काका, असले आजार खेळ दाखवून बरे होत नसतात."

काकांनी माझ्याकडे बघितलं. "मग काय दाखवायचं? तू शिकलेली हाईस. तू सांग."

त्या रात्री मी कॉलेजचे पेपर बाजूला ठेवून क्रेनचा खेळ शोधला.

सापडला. अगदी छताखालची क्रेन, हूक, कॉइल, लॉरी, सगळं. काकांनी तो पाच मिनिटं बघितला आणि खेळ करणाऱ्या परदेशी मंडळींची हजेरी घेतली. खलाशीच नाही! लॉरीचा ड्रायव्हर नेमका हुकाखाली उभा! "ह्याचं हेल्मेट कुठाय? आन हा बाबा हितं कशाला उभा हाय? ह्याला बायकापोरं न्हाईत का?" ड्रायव्हर चित्रातला आहे, तो हलत नाही, हे मी चारदा सांगितलं. चारही वेळा काकांनी हॉर्न दिला आणि तो बाजूला व्हायची वाट बघितली.

पुढचे सहा रविवार सराव. उपासना आटोपून काका आले की साडेअकराला मी फरशीवर. खलाशी मी, कारण खलाशाशिवाय सराव कसा होणार? "रंगनाथच्या म्होरं लोड झुलला तर माजी इज्जत ऱ्हानार न्हाई," असं म्हणत काका तीच कॉइल वीस-वीस वेळा ठेवायचे. माझा खांदा भरून आला. कॉलेजात मुलं गोंगाट करायला लागली की मी न बोलता हात आडवा करून तळवा खाली फिरवायला लागले. म्हणजे 'थांब'. मुलं घाबरून गप्प बसायची. माझा नवरा म्हणाला, हल्ली तू मला पोळी वाढतानासुद्धा 'उतर' करतेस. मी त्याला म्हटलं, मग तूच जा उद्यापासून. तो गेला नाही.

जानेवारीतल्या एका रविवारी आम्ही निघालो. गाडी माझी, पेट्रोल माझं, रविवारही माझाच. मॉनिटर गोधडीत गुंडाळून काकांनी स्वतः दोरीनं बांधला. त्या गाठी मारायला पाऊण तास. मागच्या सीटवर ठेवताना मी खुणा करायच्या होत्या, त्या केल्या. कॉम्प्युटरचा मोठा डबा मात्र काकांनी डिकीत ठेवू दिला नाही. तो मांडीवर घेऊन ते पुढं बसले आणि सोलापूर रस्त्यावरच्या प्रत्येक खड्ड्याआधी मला म्हणाले, "हळू. लोड हाय." रुईछत्तिशीला चहा प्यायला थांबलो, तर चहाही त्यांनी तो डबा मांडीवर ठेवूनच प्यायला. अर्धा डब्यावर सांडला. दोष, उभ्या गाडीतही, माझ्या ब्रेकला.

रंगनाथ पुढच्या खोलीत कॉटवर उशांना टेकून बसले होते. अंगानं वाळलेला, मोठ्या पंजांचा माणूस. उजवा पंजा गोधडीवर पालथा पडलेला, दुसऱ्याच कुणाचा तरी तिथं विसरून राहिल्यासारखा. आम्ही आत आलो तरी त्यांनी मान वळवली नाही. त्यांच्या बायकोनं, कौसाबाईंनी, आम्हाला पाणी दिलं आणि हळूच म्हणाल्या, "सकाळपास्नं असंच बसल्यात. च्याला बी तोंड लावलं न्हाई."

काकांनी रंगनाथना हाक मारली नाही. कसे आहात विचारलं नाही. त्यांनी खोली बघितली, जागा ठरवली आणि कामाला लागले. मॉनिटर कॉटच्या पुढ्यात एका लोखंडी पेटीवर. आणि स्वतःला बसायला उंच जागा हवी. स्टूल आणलं नव्हतं. दाराशी ज्वारीच्या पोत्यांची थप्पी होती. चौसष्ट वर्षांचा हा माणूस चर्चचा कोट घालून त्या थप्पीवर चढला आणि मांडीवर कंट्रोलर घेऊन बसला. रंगनाथांची सून पदर तोंडाला लावून आत पळाली. मला वाटलं, जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं.

काकांनी हॉर्न दिला.

रंगनाथांची नजर भिंतीवरून हलली. फार नाही. पडद्याच्या कडेपर्यंत आली.

आणि मग काकांनी एक गोष्ट केली जी सहा रविवारांत कधी केली नव्हती. कुणाचीही खूण नसताना त्यांनी कॉइल उचलली. सरळ वर घेतली, लॉरीच्या बाजूला नेली, आणि नेमकी त्या हेल्मेट नसलेल्या ड्रायव्हरच्या डोक्यावर आणून टांगून ठेवली. मग हात थांबवले.

पडद्यावर कॉइल तशीच लटकत होती. दोन मिनिटं गेली. पाच गेली. कौसाबाईंनी मला विचारलं, "बिगडलं का वो?" मी नकारार्थी मान हलवली. सवयीनं माझाच हात वर जायला लागला, तसे काका पोत्यांवरून ओरडले, "वैशाली, हात खाली! खलाशी तो हाय."

दहा मिनिटं. पंधरा. मुठीतलं बटण सोडलं की सगळं बंद, म्हणून काका ते दाबून धरून होते. कपाळावरून घाम कोटाच्या कॉलरवर उतरला. बडबड नाही, विनवणी नाही, "उचल रे हात" वगैरे काहीही नाही. नुसते रंगनाथांच्या पंजाकडे बघत बसले होते.

वीस मिनिटांनी माझा संयम संपला. संपला म्हणजे पुरता संपला. हे काय चाललंय? त्या बिचाऱ्या बाईला उगाच आशा लावायची, त्या माणसाला त्याच्याच घरात सगळ्यांसमोर त्याचा लुळा हात दाखवायचा, आणि हे सगळं एका खेळापायी! आणि या वेडेपणाला मी गाडी दिली, सहा रविवार दिले. मी उठले, "काका, पुरे झालं आता," म्हणाले आणि वायर काढायला प्लगकडे वाकले.

"आगं बाई," कौसाबाई म्हणाल्या.

मी वळून बघितलं. गोधडीवर रंगनाथांचा पंजा होता तिथंच होता. मनगट उचललेलं नव्हतं. पण चार बोटं जुळली होती आणि डावीकडं ढकलत होती. एवढंसं. अंगावरची मुंगी झटकावी तेवढं. चेहऱ्यावर मात्र असा संताप की बोलता आलं असतं तर त्या माणसानं काकांना चांगल्या चार शिव्या घातल्या असत्या.

त्यांना लोड उतरवायचा नव्हता. त्यांना आधी तो ड्रायव्हरच्या डोक्यावरून बाजूला घ्यायचा होता.

काकांनी हॉर्न दिला आणि डावी दांडी हलवली. कॉइल केसाएवढी सरकली. बोटं थांबली, काका थांबले. बोटांनी दम खाल्ला. पुन्हा ढकललं. काका पुन्हा सरकले. ड्रायव्हर मोकळा व्हायला दहा मिनिटं लागली असतील. मग तर्जनी हळूहळू सुटी झाली, खाली वळली आणि फिरली. पूर्ण गोल नाही, अर्धाच. 'उतर'. मी हे बोट सहा आठवडे शिकत होते आणि मला ते कधी धड जमलं नव्हतं.

चमत्कार वगैरे काही झाला नाही, हे सांगून ठेवते. हात उठला नाही, वाचा आली नाही. तीन खुणा झाल्या, त्याही अर्ध्यामुर्ध्या. पण ती कॉइल लॉरीत टेकायला पाऊण तास लागला आणि त्या पाऊण तासात खोलीतलं कुणी उठलं नाही. कौसाबाई रडत होत्या. मीही रडले. टेकल्यावर रंगनाथांनी पहिल्यांदा मान वर करून पोत्यांच्या थप्पीकडे बघितलं.

काका खाली उतरले. उतरले म्हणजे मी आणि सुनेनं धरून उतरवलं, गुडघे आखडले होते. ते कॉटच्या कडेला जाऊन बसले. मला वाटलं, आता सुरू होणार. आता दीड तास. पण काका नुसते बसले. त्यांनी गोधडीची एक सुरकुती सरळ केली. मग दुसरी केली. रंगनाथ त्यांच्याकडे बघत होते आणि ते गोधडीकडे. थोड्या वेळानं काका "येतो रे" म्हणाले आणि उठले.

कॉम्प्युटर तिथंच ठेवायचा, दर रविवारी एसटीनं यायचं, हे त्यांनी कधी ठरवलं मला माहीत नाही. मी सुनेला तो चालू-बंद कसा करायचा ते दाखवलं. तिनं वहीत लिहून घेतलं.

परतताना गाडीत काकांच्या मांडीवर काही नव्हतं, तरी हात मांडीवर तसेच डबा धरल्यासारखे. मला वाटलं दमले असतील. रुईछत्तिशी मागं पडल्यावर ते एकदम म्हणाले, "वैशाली, त्याचा आवाज कसा हुता गं?"

"कुणाचा?"

"रंगनाथचा."

"काका, मला कसं माहीत असणार? मी आज पहिल्यांदा बघितलं त्यांना."

"व्हय. तुला कसं ठावं." ते काचेतून बाहेर बघत राहिले. "मी मगापास्नं आठवाय लागलोय. आठवंचना. सव्वीस वर्षं मी वर, तो खाली. भोंगा झाला की तो पळत त्याच्या गाडीला, मी केडगावच्या. सनासुदीला राम राम, बास. दोघांनी बसून बोलावं असं कधी झालंच न्हाई. काय बोलायचं ऱ्हायलंय असं वाटलंच न्हाई ना कधी. त्याचा हात मला दहा मानसांतनं वळखू येईल. आवाज न्हाई यायचा." थोड्या वेळानं म्हणाले, "रिटायर झाल्याव जाऊन ऱ्हायचं हुतं चार दिवस त्याच्याकडं. म्हनलं, जाऊ. हाय की येळ."

मी गाडी हळू चालवली. नगरचे दिवे दिसायला लागले, मग केडगाव आलं, आमची गल्ली आली. पुढचा सगळा रस्ता काका एक शब्द बोलले नाहीत. या माणसानं तोंड मिटावं म्हणून मी दोन वर्षं देवाला साकडं घालत होते, आणि त्या संध्याकाळी मला मनापासून वाटत होतं, यांनी काहीतरी बोलावं. काहीही. माझं रिव्हर्स चुकलं म्हणून तरी ओरडावं.